धातूपेक्षा आवरण मोलाचे

३ जुलै २०२३ रोजी चीनच्या वाणिज्य खात्याने गॅलियम आणि जर्मेनियम या दोन मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घालणारा हुकूम काढला, १ ऑगस्टपासून त्याचा अंमल सुरू झाला, आणि तेव्हापासून आपल्या वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पृष्ठांवर गॅलियम हे नाव वारंवार दिसू लागले. जगात निघणाऱ्या प्राथमिक गॅलियमपैकी सुमारे ९८ टक्के एकट्या चीनमधून येत असल्यामुळे या हुकुमाने सर्वत्र जी चिंता उत्पन्न झाली ती साहजिक होती. भारत सरकारने त्याच वर्षी जी ३० खनिजे राष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची म्हणून जाहीर केली, त्यांत गॅलियम आणि इंडियम ही दोन्ही आहेत, आणि २०२५ च्या जानेवारीत १६,३०० कोटी रुपयांच्या सरकारी तरतुदीचे एक राष्ट्रीय अभियानही मंजूर झाले. हे सारे योग्यच झाले. परंतु या सर्व चर्चेचा रोख धातू कोणाच्या कोठारात किती आहे या एकाच प्रश्नावर राहिला असून, त्या धातूच्या एका अत्यंत आशादायक उपयोगात त्याच्या अंगावरचे बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, आवरणच सर्व कार्य सिद्धीस नेते, ही गोष्ट फारशी कोणी बोलून दाखविलेली नाही. धातू अडविता येतो. आवरण घडविण्याची विद्या मात्र कोणत्याही निर्यातबंदीच्या हुकुमाने अडविता येत नाही, आणि त्या विद्येची पूर्वतयारी आपल्या मुंबई-पुण्यात फार दिवसांपासून झालेली आहे, म्हणून हा विषय सर्वसाधारण वाचकापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

गॅलियमचा इतिहास मोठा मनोरम आहे. १८७१ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह याने मूलद्रव्यांच्या आपल्या कोष्टकात अॅल्युमिनियमच्या खालचे एक घर रिकामे ठेवून त्या घरात येणाऱ्या अज्ञात मूलद्रव्याचे गुणधर्म आगाऊ लिहून ठेविले होते, आणि चारच वर्षांनी लकॉक द ब्वाबोद्रां या फ्रेंच संशोधकाने पिरेनीज पर्वतातील जस्ताच्या खनिजाचा वर्णपट तपासत असता ते मूलद्रव्य शोधून काढले. त्याने त्याची घनता ४.७ भरल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा ज्याने तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता त्या मेंडेलीव्हने, नमुना अशुद्ध असला पाहिजे, खरी घनता ५.९ च्या आसपास यावयास हवी, असे कळविले. आणि फ्रेंच संशोधकाने धातू पुन्हा शुद्ध करून मोजला तेव्हा घनता ५.९ भरली. सिद्धान्ताने प्रयोगाची चूक दाखवावी आणि प्रयोगकर्त्याने ती निर्मळ मनाने मान्य करावी, असे प्रसंग शास्त्राच्या इतिहासात थोडेच आहेत.

हा धातू २९.७६ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे तळहातावर ठेवला तर काही वेळात द्रव होतो. आणि त्यात वजनाने सुमारे चोवीस टक्के इंडियम मिसळले तर जी मिश्रधातू तयार होते ती साडेपंधरा अंशांच्या वर द्रवरूपच राहते. द्रव धातू म्हटले की आपल्यापुढे पारा उभा राहतो; परंतु पाऱ्याची वाफ विषारी आहे, आणि जपानमधील मिनामाता येथील पारा-विषबाधेच्या करुण प्रकरणानंतर जगाला त्याच्यासंबंधी आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. गॅलियम-इंडियमची वाफ नेहमीच्या तापमानात जवळजवळ होतच नाही. या मिश्रधातूची स्निग्धता पाण्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे फारच थोडी. विद्युत्‌वाहकता तांब्याच्या सुमारे सतराव्या हिश्श्याची, म्हणजे खाऱ्या पाण्यापेक्षा लाखो पटींनी अधिक. आणि घन तांब्याची तार ओढली असता जशी तुटते तशी ही तुटत नाही, कारण द्रवाला तुटणे ठाऊक नाही. रबरासारख्या लवचिक पदार्थात हिच्या वाहिन्या भरल्या तर ते रबर दुप्पट-तिप्पट ताणले तरी वीज वाहत राहते. त्वचेवर चिकटवावयाची नाडीमापक पट्टी, कृत्रिम हाताच्या बोटांना स्पर्शज्ञान देणारे कातडे, हृदयाच्या स्पंदनाबरोबर हलणारे सूक्ष्म उपकरण, अशा कामांसाठी ताठ तारेऐवजी वाहता धातू हवा, ही कल्पना हार्वर्ड, नॉर्थ कॅरोलायना आणि कार्नेगी मेलन येथील प्रयोगशाळांत गेल्या दीड-दोन दशकांत रुजली आणि वाढली.

आता हा धातू शाईसारखा छापता यावा, रबरात सारखा मिसळता यावा, किंवा औषधाबरोबर रक्तातून जाऊ शकावा, अशी इच्छा असेल तर त्याचे अतिसूक्ष्म कण करावे लागतात. मद्यार्कात धातूचा थेंब टाकून त्यावर श्राव्यातीत ध्वनीचा मारा केला की थेंब फुटत फुटत शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत खाली येतो. येथपर्यंतचे काम सोपे आहे. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे शंभर नॅनोमीटर व्यासाचे कण केले तर एका थेंबाचे एक लाख कोटी कण होतात, आणि उघड्या पृष्ठभागाचे क्षेत्र दहा हजार पटींनी वाढते. म्हणजे हवेला, पाण्याला आणि शेजारच्या कणाला भिडणारी हद्दही दहा हजार पटींनी वाढते. या धातूचा पृष्ठताण पाण्याच्या आठपटींहून अधिक असल्यामुळे ही प्रचंड हद्द कमी करण्याची, म्हणजे पुन्हा एकमेकांत मिसळून मोठा थेंब होण्याची, ओढ प्रत्येक कणात असते. हवेचा स्पर्श होताच गॅलियमवर ऑक्साइडचा एक ते तीन नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा क्षणार्धात धरतो, आणि हा पापुद्राच काही काळ कणांचे मीलन थोपवून धरतो, हे खरे. परंतु मोठ्या थेंबावर नगण्य असणारा तीन नॅनोमीटरचा हा पापुद्रा शंभर नॅनोमीटरच्या कणात जवळजवळ एकषष्ठांश घनफळ खाऊन बसतो. शिवाय तो तीव्र आम्लात आणि तीव्र अल्कलीत विरघळतो, आणि साध्या पाण्यात, विशेषतः पाणी ऊन असेल तर, तो वाढतच जाऊन गॅलियमच्या संयुगाचे काड्यांसारखे स्फटिक बनवितो. गॅलियम असे बाहेर निघून गेले की आत इंडियम तेवढे उरते. सकाळी तयार केलेली चकचकीत करडी शाई अशा रीतीने काही दिवसांत निरुपयोगी गाळ होते. निसर्गाने दिलेले आवरण या धातूला पुरत नाही, म्हणून मनुष्याला दुसरे द्यावे लागते.

ज्या तत्त्वावर हे दुसरे आवरण काम करते ते आपल्या पूर्वजांच्या हातात होते, जरी त्याची उपपत्ती त्यांना ठाऊक नव्हती. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांवरची अक्षरे आजही काळीभोर दिसतात, ती काजळीच्या शाईने लिहिलेली आहेत. काजळी म्हणजे कार्बनचे सूक्ष्म कण. ते नुसत्या पाण्यात घोटले तर गोळा होऊन तळाशी बसतात. पण बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलले तर वेगवेगळे राहतात, कारण डिंक हे शर्करांच्या लांब साखळ्यांचे नैसर्गिक बहुवारिक असून त्या साखळ्या प्रत्येक कणाला वेढून बसतात. असे वेढलेले दोन कण जवळ आले की दोघांच्या साखळ्यांची दाटी होते, त्यांना मोकळेपणी हलण्यास जागा उरत नाही, मधल्या अवकाशात द्रावक शिरू पाहतो आणि कणांना पुन्हा दूर लोटतो. शाईची दौत आणि द्रवधातूची कुपी यांच्यामागचे भौतिकशास्त्र एकच आहे. हे साम्य दाखविताना, आपल्याकडे हे सर्व आधीच होते अशा समजुतीला खतपाणी घालण्याचा माझा लेशमात्र हेतू नाही; कारण डिंक काजळीला केवळ चिकटून राहतो, आणि द्रवधातूला तेवढ्याने भागत नाही.

द्रवधातूवर साखळी बसवायची म्हणजे तिचे एक टोक कशाला तरी घट्ट बांधले गेले पाहिजे. २०११ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी गंधक असलेले टोक वापरले. सोन्यावर गंधकाची पकड उत्तम बसते. परंतु गॅलियमवर ऑक्साइडचा पापुद्रा सतत आडवा येत असल्यामुळे ती तितकी बसत नाही, असा अनुभव आला. म्हणून पुढे धातूशी झगडण्याऐवजी त्या पापुद्र्यालाच आधार मानण्याची युक्ती निघाली, कारण फॉस्फोनिक आम्लाचे किंवा कॅटेकोलचे टोक ऑक्साइडला अधिक घट्ट धरून ठेवते. समुद्रातील मसल जातीचे शिंपले खडकाला ज्या कॅटेकोलयुक्त प्रथिनाने चिकटतात त्यावरून स्फुरलेले पॉलिडोपामाइन हे आवरण २००७ साली पुढे आले आणि ते जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर बसते. याहूनही सूक्ष्म मार्ग असा की तयार साखळी आणून चिकटवायची नाही. कणाच्या पृष्ठभागावर अंकुर तेवढे रोवायचे आणि त्यांतून एकेक साखळी उगवू द्यायची. १९९५ साली पिट्सबर्ग येथील मात्याशेव्हस्की आणि जपानमधील सावामोतो यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या एका नियंत्रित बहुवारिकीकरणात तांब्यासारख्या धातूचे संयुग साखळीचे वाढते टोक क्षणभर जागे करते आणि लगेच निजवते, त्यामुळे सर्व साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या वाढतात आणि ती लांबी आपल्या इच्छेप्रमाणे ठरविता येते. याच पद्धतीने कार्नेगी मेलनच्या समूहाने २०१९ साली द्रवधातूच्या नॅनोकणांवर साखळ्यांचा घनदाट कुंचला उगवून दाखविला. असे कण निरनिराळ्या द्रावकांत दीर्घकाळ वेगवेगळे राहिले. एवढेच नव्हे तर, प्रत्येक कण इतरांपासून अलग असल्यामुळे गोठण्यास आरंभ करून देणारा स्फटिकाचा अंकुर एकातून दुसऱ्यात जाऊ शकत नाही, त्यामुळे मोठा थेंब ज्या तापमानाला गोठतो त्याच्या कितीतरी खाली हे कण द्रवच राहिले. लडाखच्या थंडीत चालणाऱ्या लवचिक उपकरणाची कल्पना या एका गुणामुळे शक्यतेच्या कक्षेत येते, आणि हा गुण धातूच्या अंगचा नाही, सूक्ष्म विभागणीचा आणि ती टिकविणाऱ्या आवरणाचा आहे.

येथे एक मोठा विरोध उभा राहतो, आणि माझ्या मते या शास्त्राचे सारे मर्म त्याच विरोधात आहे. जे आवरण कणांना एकमेकांपासून दूर ठेवते तेच विजेलाही एका कणातून दुसऱ्यात जाऊ देत नाही. द्रवधातूच्या आवृत कणांची शाई कागदावर किंवा रबरावर ओढली तर वाळलेली रेषा वीज वाहत नाही. ती नखाने, टोकाने किंवा रुळाने दाबावी लागते, तेव्हा कवचे फुटतात, आतला धातू बाहेर येऊन शेजाऱ्याशी मिळतो, आणि दाबलेल्या मार्गानेच वीज धावू लागते. पर्ड्यू विद्यापीठात २०१५ साली रेबेका क्रेमर यांच्या समूहाने अशा दाबलेल्या रेषांतून विद्युत्‌मार्ग काढून दाखविले. आवरण जाड आणि चिवट केले तर शाई टिकते, पण दाबूनही फुटत नाही. पातळ केले तर सहज फुटते, पण कुपीतच फुटते. म्हणून उत्तम आवरणाची कसोटी केवळ त्याच्या बळकटपणावर लावता येत नाही. ज्या क्षणी आणि ज्या जागी त्याने बाजूला व्हावे अशी योजना आहे, त्या क्षणी आणि त्या जागी ते बाजूला होते काय, ही खरी कसोटी. संशोधनपत्रिकांतून पुष्कळदा आवरणाच्या नवेपणाचे कौतुक होते आणि ते किती महिने टिकले व किती दाबाला फुटले हे एखाद्या परिशिष्टात लोटले जाते. हा क्रम मला सर्वथा अयोग्य वाटतो.

वैद्यकातील उपयोगात ही कसोटी आणखी कठोर होते. २०१५ साली नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी द्रवधातूच्या कणांभोवती हायल्युरोनिक आम्लाचे, म्हणजे शरीरातच आढळणाऱ्या एका बहुवारिकाचे, आवरण बसवून त्यात डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध भरले आणि उंदरांवर प्रयोग केले. हायल्युरोनिक आम्लाला धरून ठेवणारे ग्राहक पुष्कळ कर्कपेशींच्या पृष्ठभागावर अधिक असतात, म्हणून कण तेथे ओढले जातात. आणि पेशीच्या आतल्या सौम्य आम्लात शिरल्यावर ते एकमेकांत मिसळतात, औषध सुटते आणि धातू हळूहळू विघटित होतो. वाट कोणती धरावी, आत कसे शिरावे आणि ओझे कोठे उतरवावे, यांपैकी वाट आणि प्रवेश हे दोन्ही आवरणाने ठरविले.

परंतु जे शरीरात जाते त्याच्या निरुपद्रवीपणाची ग्वाही धातूच्या नावावरून देणे ही मोठी जोखीम आहे, आणि ती अनेक उत्साही लेखांत सर्रास दिली जाते. गॅलियमचे एक लवण अमेरिकेत कर्करोगामुळे वाढणाऱ्या रक्तातील कॅल्शियमवर औषध म्हणून मान्य झाले होते, त्यामुळे गॅलियमविषयी काही अनुभव वैद्यकापाशी आहे. इंडियमची गोष्ट वेगळी आहे: जपानमध्ये इंडियम-टिन ऑक्साइडच्या धुळीत काम करणाऱ्या एका कामगाराला फुप्फुसाचा गंभीर विकार जडल्याचे २००३ साली वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले. कण शरीरात किंवा नदीत गेल्यावर पेशींना आणि माशांना प्रथम भेटते ते आवरण, आणि आवरण गळल्यावर भेटतो तो धातू. तेव्हा दोघांचीही, आणि दोघांच्या वियोगाच्या वेळेचीही, स्वतंत्र परीक्षा झाली पाहिजे. आवरणाविषयी विसाव्या शतकाने आपल्याला एक फार महाग धडा दिलेला आहे. १९३८ साली सापडलेल्या टेफ्लॉनने तव्यापासून तारांपर्यंत सर्व वस्तूंना न चिकटणारे अंग दिले, आणि त्याच्या निर्मितीत वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिनयुक्त आम्लाचे रेणू इतके चिवट निघाले की ते पाण्यात आणि माणसांच्या रक्तात साठत गेले. शेवटी २०१९ साली स्टॉकहोम करारान्वये त्या आम्लाच्या उच्चाटनाचा निर्णय घ्यावा लागला. तो निर्णय येण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली. द्रवधातूच्या बाबतीत ही विद्या अजून बाल्यावस्थेत आहे, कारखाने उभे राहिलेले नाहीत, म्हणून निवड करण्यास अजून अवकाश आहे. आणि फ्लोरिनयुक्त साखळ्यांपेक्षा समुद्री शेवाळातून निघणारे अल्जिनेट किंवा हायल्युरोनिक आम्ल यांसारखी, काम झाल्यावर निसर्गात विरून जाणारी बहुवारिके जेथे पुरेशी आहेत तेथे तीच घ्यावीत, असा दंडक आताच घालून घेणे सर्वांच्या हिताचे आहे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. गॅलियमची स्वतंत्र खाण नसते. बॉक्साइटमध्ये ते दशलक्ष भागांत पन्नासच्या आसपास असते आणि अॅल्युमिना काढताना जो अल्कलीचा द्राव पुन्हा पुन्हा फिरतो त्यात साचत जाते. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगड या भागांत बॉक्साइट आहे आणि उत्तर प्रदेशात रेणुकूटच्या कारखान्यात पूर्वी गॅलियम काढलेही गेले आहे, म्हणजे धातू आपल्या हद्दीत अजिबात नाही असे नाही. तो पुन्हा काढण्याची तजवीज अवश्य व्हावी. परंतु एवढ्याने आपण चीनच्या बरोबरीला येऊ, ही अपेक्षा वस्तुस्थितीला धरून होणार नाही. जेथे आपण खरोखर बरोबरीला, किंबहुना पुढेही, जाऊ शकतो ते क्षेत्र आवरणाचे आहे. १९४२ साली महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात रोखली गेली, तेव्हा गिरगावातील चार मित्रांनी एका लहानशा जागेत रंग तयार करण्यास आरंभ केला आणि त्यातून एशियन पेंट्स ही कंपनी उभी राहिली. रंग म्हणजे तरी काय? बहुवारिकात वेगवेगळे ठेवलेले सूक्ष्म कण. त्याच्याही आधी, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला होता, जो आज माटुंग्याची स्वतंत्र संस्था आहे आणि जेथे बहुवारिके व पृष्ठलेप यांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले जात आहे. पुण्यात पाषाण येथे ३ जानेवारी १९५० रोजी उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने बहुवारिकशास्त्रात जागतिक कीर्तीचे कार्य केले, आणि त्या शास्त्रातील रघुनाथ माशेलकर तिचे संचालक होते. साखळी कशी वाढवावी, किती वाढवावी, कोणत्या द्रावकात ती फुलते आणि कोणत्यात आक्रसते, हे जाणणारी माणसे येथे आहेत. उणीव आहे ती या माणसांची आणि धातूच्या माणसांची गाठ घालून देणाऱ्या व्यवस्थेची. कारण आपल्याकडे धातुविज्ञान एका विभागात, बहुवारिके दुसऱ्यात आणि वैद्यक तिसऱ्याच गावात असते, व एकाचे दप्तर दुसऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून माझी राष्ट्रीय अभियानाच्या धुरीणांना आणि महाराष्ट्र शासनाला आग्रहाची विनंती आहे. खनिजांसाठी मंजूर झालेल्या रकमेतील एक निश्चित हिस्सा त्या खनिजांच्या अंगावर चढवावयाच्या आवरणांच्या संशोधनास राखून ठेवावा. पुणे आणि मुंबई येथील बहुवारिकशास्त्रज्ञ, धातुशास्त्रज्ञ आणि विषविज्ञानाचे अभ्यासक यांना एकाच प्रकल्पाखाली, एकाच हिशोबात, किमान पाच वर्षे काम करू द्यावे. आणि अनुदान घेणाऱ्या प्रत्येकाने आपले आवरण कुपीत किती महिने टिकले, किती दाबाने फुटले आणि वापरानंतर पाण्यात व मातीत त्याचे काय झाले, या तीन गोष्टींची नोंद अहवालाच्या पहिल्या पानावर द्यावी, अशी अट मंजुरीच्या पत्रातच घालावी.